अरे, पण रेष कुठाय? कॅडेरियस टोनीच्या एका पावलाचं प्रकरण

११ डिसेंबर २०२३, सोमवार. पुण्यात पहाटेचे सहा वाजत आले होते. कॅन्सस सिटीत अजून रविवारची संध्याकाळ चालू होती आणि ॲरोहेड स्टेडियमवर कॅन्सस सिटी चिफ्स विरुद्ध बफेलो बिल्स हा सामना शेवटच्या दोन मिनिटांत आला होता. २:५५ ला सामना सुरू झाल्यापासून मी जागाच होतो. सांगलीहून आलेले काका नेहमीप्रमाणे साडेपाचला उठले, चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "किती झालेत?"

"बिल्स २०, चिफ्स १७."

काकांना अमेरिकन फुटबॉलचं काहीच माहीत नव्हतं. पण तरुणपणी सांगलीच्या मैदानांवर त्यांनी भरपूर खो-खो खेळलाय. त्यामुळे खेळ कुठलाही असो, माणूस कसा उभा आहे आणि कधी उठतो याकडे त्यांचं लक्ष आधी जातं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण या प्रकरणातला सगळ्यात नेमका प्रश्न त्यांनीच विचारला.

घडलं ते असं. खेळाची १ मिनिट ५४ सेकंद उरलेली असताना बिल्सच्या टायलर बासने ३९ यार्डांवरून फील्ड गोल मारला, म्हणजे लाथेने चेंडू खांबांमधून पाठवून तीन गुण मिळवले, आणि १७-१७ ची बरोबरी मोडली. चेंडू चिफ्सकडे आला. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू, पॅट्रिक महोम्स; अशा वेळी हा माणूस काय करू शकतो हे बिल्सच्या लोकांनी स्वतः भोगलेलं. मैदानाच्या मध्याजवळ चिफ्सची दुसरी चाल, अजून दहा यार्ड पुढे जायचं बाकी. महोम्सने चेंडू मधल्या भागात ट्रॅव्हिस केल्सीकडे फेकला. केल्सीने झेल घेतला, काही पावलं पळाला, आणि बचावपटू अंगावर येतायत असं दिसताच चक्क मैदानाच्या आडव्या दिशेने, थोडा मागे, चेंडू फेकून दिला. तिथे कॅडेरियस टोनी पळत होता. चेंडू त्याच्या हातात बसला आणि तो कुणाचाही हात न लागता शेवटच्या रेषेपार गेला. टचडाउन, सहा गुण. चिफ्स २३, बिल्स २०. स्टेडियम उसळलं.

ही चाल कुणी आखलेली नव्हती. ऐन वेळी केल्सीच्या डोक्यात आली आणि त्याने ती करून टाकली. असा क्षण वर्षातून एखादा दिसतो.

आणि मग पडद्यावर पिवळा रुमाल दिसला, फाऊल झाला की पंच टाकतात तो. तो झेल घेताना पडला नव्हता, मागे फेकताना पडला नव्हता. चेंडू हलला त्याच क्षणी पडला होता. मुख्य पंच कार्ल शेफर्स यांनी जाहीर केलं: ऑफसाइड, आक्रमण करणारा संघ, टोनी. पाच यार्ड मागे. टचडाउन रद्द.

काकांनी कप खाली ठेवला. रिप्लेमध्ये टोनीचा पाय मोठा करून दाखवत होते, त्यावर निळी रेघ ओढली होती. पुढच्या क्षणी दुसऱ्या कोनातून तेच चित्र आलं, त्यात रेघ नव्हती. काका पुढे वाकून म्हणाले, "अरे, पण रेष कुठाय?"

रेष नाहीच. टीव्हीवर दिसते ती निळी रेघ संगणक घरी बसलेल्या प्रेक्षकांसाठी काढतो. गवतावर तसं काही नसतं. दर पाच यार्डांवर पांढऱ्या रेषा आखलेल्या असतात, पण चेंडू त्यांच्यावरच ठेवला जाईल असं काही नाही. तो कुठेही असतो. कबड्डीत निदान रेषा आखलेली असते, खो-खोत पाटी असते, क्रिकेटमध्ये क्रीझ. इथे रेष म्हणजे चेंडूचं टोक. जमिनीवर ठेवलेल्या चेंडूच्या दोन टोकांतून मैदानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोन उभ्या भिंती आहेत असं समजायचं. आपल्याकडच्या टोकातून जाते ती आपली रेष, समोरच्या टोकातून जाते ती त्यांची. मधला पट्टा चेंडूच्या लांबीचा, म्हणजे साधारण ११ इंच, वीतभराहून थोडा जास्त. तो कुणाचाच नाही. त्या पट्ट्यात फक्त एकाच माणसाला राहण्याची मुभा: चेंडू पायांमधून मागे देणाऱ्या सेंटरला. चेंडू मागे देण्याच्या या क्रियेलाच स्नॅप म्हणतात. स्नॅपच्या क्षणी बाकी कुणाचाही हात, पाय, डोकं त्या पट्ट्यात असलं तर तो ऑफसाइड.

आता टोनीच्या जागी उभे राहून बघा. रिसीव्हर म्हणजे पळून झेल घेणारा. तो चेंडूपासून कधी दहा, कधी वीस यार्ड बाजूला उभा असतो. मध्ये पाच धिप्पाड लाइनमन, म्हणजे रेषेवर समोरच्यांना अडवणारे, वाकलेले. त्यांच्या पायांमधून, खांद्यांमधून तो तपकिरी चेंडू शोधायचा आणि मनातल्या मनात तिथून आपल्या बुटापर्यंत सरळ रेघ ओढायची. वर समोर बचावपटू उभा, कानात सत्तर हजारांचा गोंगाट, आणि डोक्यात आपल्याला कुठल्या वाटेने पळायचंय हे. म्हणूनच रिसीव्हर एक साधी गोष्ट करतात. मैदानाच्या कडेला रेषेवर पाय फाकवून एक पंच उभा असतो. एका बाजूला डाउन जज, दुसऱ्या बाजूला लाइन जज. रिसीव्हर त्याच्याकडे बघून हात करतो: मी नीट आहे का? पंच मान हलवतो, किंवा हाताने मागे हो म्हणून सांगतो. अर्ध्या सेकंदाचं काम. पुढच्या वेळी सामना बघाल तेव्हा स्नॅपच्या आधी चेंडूवरून नजर काढून बाजूला न्या, हे दिसेल.

टोनीचा पुढचा पाय त्या पट्ट्यात आलेला होता, आणि थोडाथोडका नाही. सामन्यानंतर शेफर्स यांनी पत्रकारांच्या प्रतिनिधीला जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा: खेळाडूने विचारलं तर आम्ही सांगतो, पण कुठे उभं राहायचं ही जबाबदारी शेवटी त्याची. ताकीद द्यायलाच हवी असं बंधन नाही. काठावरचा मामला असता तर आम्ही सांगितलंही असतं, पण इथे तो इतका पुढे होता की चेंडू दिसण्यातच आडवा येत होता.

कळण्याची किंमत

हा नियम इतका कडक का, हे समजायचं तर आधी एक गोष्ट मान्य करावी लागते. अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमण करणाऱ्या संघाकडे एक अवाढव्य फायदा असतो: चेंडू कधी हलणार हे त्यांना ठाऊक असतं. क्वार्टरबॅक ओरडून मोजतो, त्याच्या कितव्या हाकेला स्नॅप होणार हे अकराही जणांनी आधी ठरवलेलं असतं. समोरच्या अकरांना ते माहीत नसतं. त्यांना चेंडू हलल्यावरच हलता येतं. शर्यतीत एका बाजूला पिस्तूल कधी वाजणार हे आधीच सांगून ठेवण्यासारखं हे आहे.

त्या फायद्याची किंमत म्हणून आक्रमकांवर बंधनं येतात, आणि माझ्या मते स्नॅपआधीच्या हालचालींचे सगळे नियम या एका देवाणघेवाणीतून समजतात. तुम्हाला क्षण माहीत आहे ना? मग जागेवर राहा. अकराही जण किमान एक पूर्ण सेकंद निश्चल थांबले पाहिजेत. किमान सात जण रेषेवर हवेत. त्यानंतर फक्त एकाच खेळाडूला हलता येतं, तेही मागच्या फळीतल्या, आणि तेही रेषेला समांतर किंवा मागे. स्नॅपच्या क्षणी तो पुढे, रेषेच्या दिशेने जात असेल तर फाऊल. दोघे किंवा अधिक जण एकाच वेळी जागा बदलत असतील तर त्याला शिफ्ट म्हणतात. तिला मनाई नाही, पण ती संपल्यावर सगळ्यांनी पुन्हा एक सेकंद थांबायचं. हात जमिनीला टेकवून बसलेल्या लाइनमनने तो हात उचलला, किंवा कुणी झटका देऊन स्नॅप झाल्याचा आभास केला, तर फॉल्स स्टार्ट. शिट्टी वाजते, खेळ जागच्या जागी थांबतो, पाच यार्ड मागे.

काकांना हे सांगताना मला फार बोलावं लागलं नाही. "म्हणजे खो मिळायच्या आधी उठायचं नाही," ते म्हणाले. बरोबर तेच. फरक एवढाच की इथे खो कधी मिळणार हे बसलेल्याला आधी ठाऊक असतं, म्हणून त्याच्यावर पहारा जास्त.

हा पहारा कुणाच्या लहरीतून आला नाही, त्यामागे माणसं मेलेली आहेत. १८८० मध्ये वॉल्टर कॅम्पने रग्बीतली झोंबाझोंबी काढून टाकून चेंडू एका संघाच्या ताब्यात देण्याची पद्धत आणली आणि रेष जन्माला आली. पण रेषेच्या मागे काय करायचं यावर बंधनं जवळजवळ नव्हती. १८९२ मध्ये हार्वर्डने येलविरुद्ध फ्लाइंग वेज आणली: खेळाडू लांबून धावत येऊन पाचरीसारखे एकत्र होत आणि त्या वेगानेच समोरच्यावर आदळत. असा वेग घेऊन येण्यावर लवकरच बंदी आली, तरी गर्दी करून रेटण्याच्या चाली थांबल्या नाहीत. १९०५ च्या हंगामात वृत्तपत्रांच्या मोजणीनुसार किमान १८ खेळाडू दगावले. त्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारा म्हणून बजावलं. चेंडूच्या लांबीचा तो मधला मोकळा पट्टा १९०६ च्या सुधारणांतून आला. सात जण रेषेवर हवेत हा नियम १९१० चा. तोच पट्टा, ११७ वर्षांनी, टोनीच्या बुटाखाली होता.

कॅनडातल्या फुटबॉलने वेगळा हिशेब मांडला. तिथे मागच्या फळीतल्या सगळ्यांना एकाच वेळी हलता येतं, रेषेकडे धावत येताही येतं, पण बचावपटूंना चेंडूपासून पूर्ण एक यार्ड मागे उभं राहायला मिळतं. फायदा वाढवला, तर अंतरही वाढवलं. देवाणघेवाण तिथेही आहेच.

तोच माणूस, दहा महिन्यांपूर्वी

या प्रकरणातली मला सगळ्यात जास्त लागणारी गोष्ट वेगळीच आहे. स्नॅपआधीच्या हालचालीचे नियम पाळून काय साधता येतं, याचं अलीकडचं सगळ्यात सुंदर उदाहरणही कॅडेरियस टोनीचंच आहे.

१२ फेब्रुवारी २०२३. ॲरिझोनातल्या ग्लेनडेलमध्ये ५७वा सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, चिफ्स विरुद्ध फिलाडेल्फिया ईगल्स. चौथ्या सत्राची सुरुवात, ईगल्स २७-२१ ने पुढे. चिफ्सचा चेंडू शेवटच्या रेषेपासून पाच यार्डांवर. टोनी कडेला उभा होता. सगळे थांबले, सेकंद झाला, आणि टोनी एकटाच रेषेला समांतर, आतल्या बाजूला, लाइनमनांच्या दिशेने पळू लागला. स्नॅपआधीच्या अशा एकट्याच्या हालचालीला मोशन म्हणतात; ही नियमात बसणारी, साधी. अशी मोशन दिसली की बचावपटूंना आपापसांत माणसं बदलावी लागतात: आता याला तू घे, त्याला मी घेतो. ईगल्स अशा हालचालीला कसं उत्तर देतात हे चिफ्सच्या प्रशिक्षकांनी जुन्या सामन्यांच्या चित्रफिती पाहून हेरून ठेवलं होतं. ईगल्सची माणसं आत सरकू लागली. तेवढ्यात स्नॅप झाला, टोनीने एक पाय रोवला आणि आला तसा उलटा बाहेर पळाला. कोपऱ्यात त्याच्या आसपास कुणी नव्हतं. महोम्सने अलगद चेंडू दिला. पाच यार्डांचा टचडाउन, त्यानंतरच्या लाथेचा एक गुण, चिफ्स २८-२७.

त्यानंतर टोनीनेच ईगल्सचा पंट, म्हणजे त्यांनी लाथेने लांब उडवलेला चेंडू, झेलून ६५ यार्ड परत आणला, सुपर बोलच्या इतिहासातला सगळ्यात लांब. आणि मग दुसऱ्या बाजूला, आरशात दिसावी तशी, जवळजवळ तीच मोशन करून स्काय मूरने टचडाउन केला. चिफ्सनी सामना ३८-३५ ने जिंकला.

ही चाल पुन्हा पुन्हा बघावी अशी आहे. सगळी कला त्या एका पावलात आहे. स्नॅपच्या क्षणी टोनी आत पळतोय की वळतोय, त्याला महत्त्व नाही. तो पुढे जात नाहीये, याला आहे. नियमाने दिलेल्या चिमूटभर सवलतीतून, एकाच माणसाने, समांतर, एवढ्यातून, बचावाची अख्खी भिंत हलवली. त्याच वर्षीच्या हंगामात मायामी डॉल्फिन्सने आपला रिसीव्हर टायरीक हिल याला स्नॅपच्या ऐन क्षणी बाहेरच्या दिशेने पळवायला सुरुवात केली, म्हणजे चेंडू हलतो तेव्हा तो आधीच वेगात. थोड्याच आठवड्यांत इतर संघही ते करू लागले. समांतर जा म्हटलंय ना, मग समांतरच जातो, पण पूर्ण वेगात. नियमाच्या आतली जागा इतक्या बारकाईने वापरणारे हे लोक आहेत.

म्हणूनच डिसेंबरमधला तो पाय मला जास्त सलतो. तिथे मोशनही नव्हती, शिफ्टही नव्हती. टोनी स्थिर उभा होता. हालचालीच्या सगळ्या किचकट नियमांपैकी एकही त्याने मोडला नाही; मोडला तो सगळ्यात साधा, पहिल्या दिवशी शिकवला जाणारा.

एक तांत्रिक मुद्दा इथे सांगायला हवा, कारण त्या सकाळी अनेकांनी विचारलं की शिट्टी आधीच का नाही वाजवली. फॉल्स स्टार्ट हा हालचालीचा गुन्हा, तो स्नॅपआधीच पूर्ण होतो, म्हणून खेळ लगेच थांबतो. ऑफसाइड हा जागेचा गुन्हा, आणि तो स्नॅपच्याच क्षणी घडतो. त्याआधी पाऊलभर मागे सरून, सेकंदभर थांबून, टोनीला स्वतःला सावरता आलं असतं. चेंडू हलेपर्यंत तो दोषी नाही, चेंडू हलल्यावर खेळ सुरू झालेला. म्हणून पंच रुमाल टाकतो आणि चाल पूर्ण होऊ देतो. नंतर समोरच्या संघाला विचारतात, दंड हवा की चालीचा निकाल. बिल्सनी काय निवडलं असेल ते सांगायला नको. पण याचा परिणाम असा की महोम्स, केल्सी आणि टोनी त्या काही सेकंदांत मनापासून जे खेळले, ते सगळं आधीच पुसलेलं होतं, आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं.

चिफ्सची बाजू

पुढच्या चालींतून चिफ्सना काही मिळालं नाही. चेंडू बिल्सकडे गेला, सामना २०-१७ असाच संपला. महोम्स कडेला हेल्मेट आपटत होता, पंचांवर ओरडत होता. हस्तांदोलनाच्या वेळी बिल्सचा क्वार्टरबॅक जॉश ॲलन यालाही तो त्या निर्णयाबद्दलच संतापून बोलला. प्रशिक्षक अँडी रीड सहसा शांत माणूस. तेही म्हणाले की अशा वेळी एरवी आधी सूचना मिळते, आणि लीगसाठी, म्हणजे एनएफएलसाठी, हे लाजिरवाणं आहे. पुढे लीगने रीडना १,००,००० डॉलर आणि महोम्सला ५०,००० डॉलर दंड केला. महोम्सने दुसऱ्याच दिवशी रेडिओवर आपल्या वागण्याबद्दल खेद व्यक्त केला. त्याचा मोठेपणा.

त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. तीन मुद्दे होते आणि तिन्ही प्रामाणिक होते.

पहिला, सूचनेचा. रिसीव्हर जरा पुढे असला तर पंच हाताने मागे सारतात, किंवा चाल झाल्यावर प्रशिक्षकाला सांगतात की तुमच्या अमक्याला मागे उभं राहायला सांगा, पुढच्या वेळी रुमाल टाकीन. ही पद्धत आहे, आणि चांगली आहे. पण पद्धत आणि हक्क यांत फरक असतो. दुकानदार रोज वजनापेक्षा थोडं जास्त टाकतो म्हणून ज्या दिवशी टाकलं नाही त्या दिवशी तो फसवतोय असं होत नाही. आणि ही सवलत काठावरच्या इंच-दोन इंचांसाठी असते. टोनीचा पाय काठावरचा नव्हता.

दुसरा मुद्दा, ‘याने चालीवर काय परिणाम झाला?’ हा सगळीकडे ऐकू आला. टोनी काही इंच मागे असता तरी केल्सीने तसाच चेंडू फेकला असता, असं म्हणणं. असेलही. पण रेषेचे नियम परिणाम विचारत नाहीत, आणि ते बरंच आहे. आपल्यापैकी बहुतेकांना १८ जून २०१७ आठवत असेल. ओव्हलवर चॅम्पियन्स ट्रॉफीचा अंतिम सामना. फखर झमान ३ धावांवर, बुमराचा चेंडू, बॅटची कड, धोनीचा झेल. आणि नो-बॉल. फखरने ११४ काढल्या, भारत १८० धावांनी हरला. बुमराचा पाय रेषेत असता तरी चेंडू तसाच पडला असता, कड तशीच लागली असती, हे खरंच आहे. पण पंचांनी बुमराला आधी सांगायला हवं होतं, असं त्या रात्री आपल्यातलं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. आपण बुमरावर चिडलो, नशिबावर चिडलो, रेषेवर नाही. काकांना हे उदाहरण दिलं तर ते एवढंच म्हणाले, "हां. मग संपलंच की."

तिसरा मुद्दा खरा जड आहे: सातत्याचा. आक्रमकाचा ऑफसाइड हा फाऊल फार क्वचित दिला जातो. आपल्या कारकिर्दीत तो आपल्याविरुद्ध कधी दिला गेला नव्हता, असं महोम्सचं म्हणणं. मग सामन्याच्या शेवटच्या दीड मिनिटातच का? माझं उत्तर असं की तो क्वचित दिला जातो याचं मोठं कारण रिसीव्हर विचारतात हे आहे. दर चालीला हात करून जागा पक्की करून घेतात, म्हणून फाऊल होतच नाही. पण महोम्सच्या तक्रारीतला दुसरा भाग मी नाकारू शकत नाही. पहिल्या सत्रात ज्याकडे डोळेझाक होते ते शेवटच्या सत्रात दिलं, तर खेळाडूला अन्याय वाटणारच. त्यावर उपाय शेवटच्या सत्रात सोडून देणं हा नाही. पहिल्या सत्रापासून रुमाल टाकणं, हा आहे.

आणि चिफ्सना सावध राहायला कारण होतं. त्याच हंगामाच्या पहिल्या सामन्यात, डेट्रॉइट लायन्सविरुद्ध, त्यांचा उजव्या टोकाचा लाइनमन (टॅकल) जावान टेलर रेषेपासून फार मागे उभा राहतो आणि स्नॅपच्या आधी हलतो म्हणून मोठी चर्चा झाली होती. लाइनमनचं हेल्मेट किमान सेंटरच्या कमरेच्या पातळीपर्यंत पुढे हवं, नाहीतर तो रेषेवर धरला जात नाही आणि सात जणांचा हिशेब मोडतो. त्यापुढच्या जॅक्सनव्हिल जॅग्वार्सविरुद्धच्या सामन्यात टेलरवर वेगवेगळ्या कारणांनी पाच रुमाल पडले. म्हणजे या संघाची माणसं कुठे उभी राहतात याकडे पंचांचं लक्ष आहे, हे सप्टेंबरपासून जगजाहीर होतं. अशा हंगामात रिसीव्हरांना ‘प्रत्येक वेळी पंचाला विचारा’ हे रोज सरावात बजावलं गेलं पाहिजे होतं. चूक टोनीची होतीच, पण ती एकट्या त्याच्या माथी मारणं मला पटत नाही. त्याच्या डोक्यावर आधीच बरंच होतं: लायन्सविरुद्ध त्याच्या हातून निसटलेला चेंडू उडून बचावपटूच्या हातात गेला होता आणि थेट टचडाउन झाला होता, चिफ्स तो सामना एका गुणाने हरले होते. न्यूयॉर्क जायंट्सने २०२१ मध्ये पहिल्याच फेरीत, विसाव्या क्रमांकावर घेतलेला हा मुलगा. पायात जादू होती. बिल्सच्या सामन्यानंतरच्या आठवड्यात पुन्हा एक चेंडू त्याच्या हातांवरून उडून प्रतिस्पर्ध्याकडे गेला, आणि त्यानंतर चिफ्सकडून तो सामना खेळला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी त्याला सोडलं.

चिफ्स सावरले. २१ जानेवारी २०२४ ला बफेलोत, बिल्सच्या घरी, ते २७-२४ ने जिंकले. तिथे शेवटच्या दोन मिनिटांत बरोबरी साधायला बासने मारलेला ४४ यार्डांचा फील्ड गोल उजवीकडून बाहेर गेला. डिसेंबरमध्ये ज्याच्या पायाने बिल्सना पुढे नेलं होतं, तोच. पुढे फेब्रुवारीत चिफ्सनी सॅन फ्रान्सिस्कोला ओव्हरटाइममध्ये २५-२२ ने हरवून पुन्हा सुपर बोल जिंकला.

बफेलोचा तो सामना आपल्याकडे सोमवारी पहाटे होता. काका तोवर सांगलीला परतले होते. सकाळी त्यांचा फोन आला. नातवाने मोबाइलवर ठळक क्षण लावून दिले होते आणि ते बघता बघता बोलत होते. कोण जिंकलं हे त्यांनी विचारलंच नाही.

"तो कडेचा पोरगा बघ," ते म्हणाले, "हात केला बघ त्याने पंचाकडे."

"हो काका, विचारतोय. नीट आहे का म्हणून."

"आणि पंचाने काय केलं?"

"मान हलवली."

"हां," काका म्हणाले, "आता सोड म्हणावं चेंडू."